‘इतर टीम’ म्हणजे नेमकी कोणती टीम?

तुमचा प्रश्न वाचताना माझ्या पीएचडीचे तिसरे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. एकाच उत्पादनावर काम करणाऱ्या पाच टीमांना तुम्ही प्रश्नावली दिली, प्रत्येक टीमचे अंतर्गत सहकार्याचे गुण उत्तम आले, तरीही पाचही टीमांचे एकत्रित काम दर वेळी रखडते आणि मार्गदर्शक मात्र प्रश्नावलीत आणखी विधाने घालायला सांगत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते विधाने वाढवून हाती फारसे लागणार नाही. हे मी माझ्या एकाच अभ्यासाच्या अनुभवावरून सांगते आहे आणि तुमच्या संस्थेची घडण वेगळी असू शकते, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. विश्वासार्हता, घटक विश्लेषण वगैरे प्रश्नावली पारखण्याच्या संख्याशास्त्रीय गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यांत शिरत नाही.

माझ्या प्रश्नावलीत एक विधान होते: ‘इतर टीम आम्हाला लागणारी माहिती वेळेवर देतात.’ उत्तर 1 ते 5 यांपैकी एका आकड्याभोवती गोल करून द्यायचे होते. एका उत्तरदात्याने 5 आणि 1 अशा दोन्ही आकड्यांना गोल केला होता आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘डिझाइनवाले 5, चाचणीवाले 1’. मी ते वाचले, क्षणभर थांबले आणि संगणकात 3 हा आकडा भरला. त्या कागदावर माझ्या सगळ्या संशोधनाचा प्रश्न लिहिलेला होता आणि मी त्याची सरासरी काढून तो पुसून टाकला. बाकीच्यांनी समासात काही लिहिले नव्हते, पण तीच सरासरी त्यांनी मनातल्या मनात काढून मला दिली असणार, हे पुढे कित्येक महिन्यांनी माझ्या लक्षात आले. प्रत्येक टीमच्या उत्तरांची सरासरी तीनच्या आसपास घुटमळत होती आणि मी त्यावर ‘समन्वय मध्यम स्वरूपाचा आढळतो’ असे वाक्य लिहून मोकळी झाले होते.

तुमच्या निष्कर्षांत विसंगती नाही, हे आधी सांगते. मॅथ्यू, मार्क्स आणि झकारो या संशोधकांनी 2001 मध्ये मल्टीटीम सिस्टीम, म्हणजे अनेक टीमांची मिळून बनलेली एक व्यवस्था, ही कल्पना मांडली. तिचा गाभा असा की प्रत्येक टीमची स्वतःची जवळची उद्दिष्टे वेगवेगळी असतात, पण निदान एक दूरचे उद्दिष्ट सगळ्यांचे सामायिक असते आणि ते गाठण्यासाठी टीमा एकमेकींवर थेट अवलंबून असतात. मार्क्स, डीचर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सिम्युलेशनवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. टीमच्या आतल्या प्रक्रिया जमेस धरल्यानंतरही टीमांमधल्या प्रक्रियांमुळे संपूर्ण व्यवस्थेच्या कामगिरीचा अधिक उलगडा होतो आणि परस्परावलंबन जितके जास्त तितके या प्रक्रियांचे महत्त्व वाढते, असे त्यात दिसले. म्हणजे पाचही टीमा आतून घट्ट असणे आणि एकत्रित काम रखडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कदाचित आतला घट्टपणाच टीमांमधल्या सांध्यावर ताण आणत असेल. एका पातळीवर उपकारक ठरणारी गोष्ट वरच्या पातळीवर मारक ठरू शकते, हा या क्षेत्रातला महत्त्वाचा विचार आहे. तुमच्याकडे तसे घडते आहे, असे मात्र मी इथे बसून म्हणणार नाही.

नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या मंगळाकडे पाठवलेल्या यानाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण मोजमापाच्या दृष्टीने ते पुन्हा पाहावे. 23 सप्टेंबर 1999 रोजी ते यान मंगळाजवळ पोहोचताना गमावले गेले. जमिनीवरची एक संगणकप्रणाली थ्रस्टरच्या, म्हणजे यानावरच्या लहान इंजिनांच्या, आवेगाची माहिती पाउंड-फोर्स सेकंद या एककात देत होती आणि मार्ग ठरवणारी मंडळी ती न्यूटन-सेकंद या वेगळ्याच एककात आहे असे धरून चालली होती. या दोन्ही बाजूंना ‘तुमच्या टीममध्ये सहकार्य कसे आहे’ असे विचारले असते, तर त्या उत्तरांतून ही चूक कधीही सापडली नसती.

म्हणून माझा आग्रह आहे की ‘इतर टीम’ हे शब्द प्रश्नावलीतून काढून टाका आणि प्रत्येक टीमबद्दल नाव घेऊन वेगळे विचारा. पाच टीमा म्हणजे दिशा धरून, म्हणजे पहिलीचे दुसरीबद्दल आणि दुसरीचे पहिलीबद्दल असे वेगळे मोजून, 20 संबंध होतात. तीनच विधाने ठेवली तर एका व्यक्तीला चार टीमांबद्दल मिळून 12 उत्तरे द्यावी लागतात आणि तेवढी माणसे कंटाळा न करता देतात. दिशा महत्त्वाची आहे, कारण ‘आम्ही माहिती वेळेवर देतो’ असे एक टीम म्हणते आणि ‘ती उशिरा मिळते’ असे दुसरी म्हणते, तेव्हा ती तफावत हीच तुमची सर्वांत मोलाची माहिती असते. टीमांची नावे संस्थेच्या रचनेच्या तक्त्यावरून घेऊ नका, लोक रोज ज्या नावाने हाक मारतात ती घ्या. माझ्या अभ्यासात तक्त्यावरची एक टीम प्रत्यक्षात दोन वेगळ्या टीमा म्हणून वागत होती.

हे सारे कळल्यावर मी जुन्या कागदांकडे परत जाऊ शकले असते, पण तो रस्ता बंद झाला होता, आणि मला सर्वांत जास्त किंमत तिथेच मोजावी लागली. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या विभागाने, ज्याचे नाव मी घेणार नाही, गोपनीयतेचे कारण देऊन भरलेले कागद ताब्यात घेतले, कोणता कागद कोणत्या टीमचा हे सांगणारे टीमचे कोड काढून त्या जागी फक्त मोठ्या विभागाचे नाव घातले आणि मूळ कागद नष्ट केले. चार महिने मी पत्रे लिहीत राहिले आणि प्रत्येक वेळी ‘माहिती सुरक्षित स्वरूपात उपलब्ध करून दिली आहे’ हेच एक वाक्य परत येत राहिले. व्यक्तीचे नाव काढणे आणि टीमचा कोड काढणे यांतला फरक समजून घ्यायला तिथे कोणी तयार नव्हते. गोपनीयता मलाही तितकीच प्रिय आहे, आणि तीन माणसांच्या टीमचा कोड म्हणजे जवळजवळ माणसाचे नावच, हेही मी मान्य करते. पण अशा वेळी मार्ग काढायला चर्चा करावी लागते, माहिती परस्पर नष्ट करून चालत नाही. कोड कोणाकडे राहतील, किती काळ राहतील आणि कोणाच्या संमतीने बदलतील, हे मी सुरुवातीलाच लेखी घेतले नव्हते. तुम्ही ते आजच घ्या.

आणखी एक गोष्ट तुमचे मार्गदर्शक बहुधा सांगणार नाहीत. पाच टीमा मिळून तुमच्याकडे व्यवस्था एकच आहे, त्यामुळे व्यवस्थांविषयी कोणताही संख्याशास्त्रीय दावा करता येणार नाही. तुमचे काम सखोल एक-प्रकरण अभ्यास, म्हणजे एकाच उदाहरणाचा खोलवर अभ्यास, म्हणून मांडा किंवा टीमांची जोडी हे विश्लेषणाचे एकक घ्या. जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, कारण एकच टीम चार जोड्यांत येते, म्हणून नेटवर्क विश्लेषण, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या संबंधांचे विश्लेषण, जाणणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा करण्याआधीच भेटा.

निष्कर्षात ‘सर्वांनी सर्वांशी अधिक बोलावे’ अशी शिफारस लिहिण्याची घाई करू नका. डेव्हिसन, हॉलेनबेक आणि सहकाऱ्यांच्या 2012 मधील अभ्यासात तीन विशेषज्ञ टीमांची एक अशा 233 व्यवस्था होत्या. त्यात सदस्यांनी आपापल्या पातळीवर टीमची हद्द ओलांडून केलेला समन्वय कामगिरीला मारक ठरू शकतो असे दिसले. टीमांना जोडणाऱ्या नेमलेल्या व्यक्तींचा आणि नेतृत्वाचा समन्वयही त्या कामात सर्वांत कळीच्या टीमभोवती केंद्रित असतानाच उपयोगी पडला. त्यामुळे सध्या काम कोणत्या टीमपाशी अडते आहे, हा प्रश्न प्रत्येक टीमला वेगळा विचारा आणि पाच उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

तुमच्या कागदांवरचे टीमचे कोड अजून शाबूत असतील तर नवी प्रश्नावली छापण्यापूर्वी प्रत्येक टीममधल्या एक-दोघांना भेटा, त्यांच्यासमोर जुने विधान ठेवा आणि ‘इतर टीम’ हे शब्द वाचताना त्यांच्या मनात कोण होते, एवढेच विचारा.