चमक दिसते, पण बँड वेगळंच सांगतो

प्रश्न : माझं प्रथिन जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडलंय. एकूण वजन ७५ किलोडाल्टन (प्रथिनांच्या वजनाचं एकक) यायला हवं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) जीएफपीची अँटिबॉडी (जीएफपीला चिकटून ते दाखवणारं प्रथिन) वापरली, तर ७५ला फिकट रेघ आणि २७ला ठसठशीत बँड. पेशी मात्र छान हिरव्या दिसतात. काय चुकलं?

जीएफपी म्हणजे २३८ अमिनो आम्लं, सुमारे २७ किलोडाल्टन. म्हणजे तुमचं जीएफपी प्रथिनापासून सुटं झालंय. त्याची पिंपासारखी घडी इतकी घट्ट असते, की जोडलेलं प्रथिन प्रोटिएझनी (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनी) कुरतडलं तरी जीएफपी शाबूत राहतं आणि चमकतही राहतं. आता शोधायचं ते हे, की तोड पेशीत झाली की पेशी फोडल्यावर? एका प्लेटमधल्या पेशी थेट उकळत्या एसडीएस बफरमध्ये (प्रथिनांची घडी उलगडणाऱ्या द्रावणात) घ्या, दुसरीतल्या नेहमीसारख्या फोडा आणि दोन्ही नमुने शेजारी-शेजारी चालवा. पहिल्यात २७चा बँड नसेल, तर दोष फोडण्याच्या पद्धतीत आहे. बर्फ आणि प्रोटिएझ इनहिबिटर (प्रोटिएझना रोखणारी रसायनं) यांकडे बघा. पहिल्यातही असेल, तर सूक्ष्मदर्शकाखालची हिरवाई बरीचशी सुट्या जीएफपीची आहे. ते लहान असल्याने केंद्रकातही शिरतं, आणि आपण समजतो आपलं प्रथिन केंद्रकात गेलं! ही खात्री केल्याशिवाय ती छायाचित्रं प्रबंधात घालू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : जीएफपी-नॅनोबॉडी (जीएफपीला धरणारी छोटी अँटिबॉडी) लावलेल्या बीड्सनी, म्हणजे बारीक मण्यांनी, प्रथिन उत्तम ओढलं जातं. तीच नॅनोबॉडी ब्लॉटवर काहीच दाखवत नाही.

अशा बहुतेक नॅनोबॉडी घडी घातलेलं जीएफपी ओळखतात. एसडीएसमध्ये उकळलं की घडी उलगडते, ओळख संपते. ब्लॉटसाठी उलगडलेली साखळी ओळखणारी अँटिबॉडी घ्या. ओढण्यासाठी मात्र नॅनोबॉडीच ठेवा. नेहमीच्या अँटिबॉडीची हलकी साखळी (तिचा लहान घटक) २५ किलोडाल्टनला येऊन २७च्या बँडला खेटते, तो त्रास तिथे नाही.

प्रश्न : जीएफपीची हीच अँटिबॉडी एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रथिनाला चालेल का?

नाही. जीएफपी एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशचं, तर एमचेरीचं मूळ डिस्कोसोमा या प्रवाळासारख्या समुद्री प्राण्याच्या लाल प्रथिनात. रंगावर जाऊ नका: एमनिऑनग्रीन हे प्रथिनही हिरवंच, पण लॅन्सलेट या समुद्री प्राण्याकडून आलेलं, त्यामुळे तिथेही ही अँटिबॉडी निरुपयोगी. उलट वायएफपी (पिवळं) आणि सीएफपी (निळसर) ही मोजक्या अमिनो आम्लांच्या फरकाची जीएफपीच. पॉलिक्लोनल अँटिबॉडी (प्रथिनाच्या अनेक भागांना धरणारं मिश्रण) सहसा तिघांनाही धरते, म्हणून एकाच पेशीत यांतली दोन असतील तर तिच्यावर विसंबू नका. आणि एमचेरीचा नमुना उकळल्यावर लहान तुकडे दिसले तर लगेच प्रोटिएझला दोष देऊ नका. त्याची साखळी उष्णतेने क्रोमोफोरपाशीच (चमक देणाऱ्या भागापाशीच) तुटते.