टॉन्सिलजवळ पू झाला: सुई, चिरा की ऑपरेशन?

प्रश्न (घाटंजी, जि. यवतमाळ): मुलगा बावीस वर्षांचा. पाच दिवसांपासून घसा उजव्या बाजूनेच दुखतो, कानात कळ जाते, तोंड नीट उघडत नाही. एक डॉक्टर सुईने पू काढू म्हणतात, दुसरे चिरा द्यावा लागेल म्हणतात. काय करावे?

दोघेही बरोबर सांगत आहेत, कारण पू बाहेर काढणे हाच मुख्य उपचार आहे. हे गळू टॉन्सिलच्या आत नसते. टॉन्सिलचे आवरण आणि त्यामागचा स्नायू यांच्यामध्ये, बहुतेक वेळा वरच्या बाजूला, पू साचतो. म्हणून टाळू एका बाजूने फुगतो आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली जाते.

सुईच्या पद्धतीत रुग्णाला ताठ बसवतात आणि जागा स्प्रे व इंजेक्शनने बधिर करतात. मग १८ नंबरची सुई १० मिलीच्या सिरिंजला लावून सर्वांत फुगलेल्या जागी टोचतात. सुई एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही आणि बाहेरच्या बाजूला वळवायची नाही, कारण मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी टॉन्सिलच्या मागे-बाहेर साधारण अडीच सेंटिमीटरवर असते. त्यासाठी अनेक डॉक्टर सुईचे प्लास्टिकचे टोपण टोकाकडून कापून पुन्हा सुईवर बसवतात, म्हणजे टोक तेवढेच बाहेर राहते. वर पू लागला नाही तर मध्ये आणि मग खाली पाहतात. तरीही सिरिंज कोरीच आली, तर पू नाहीच असे समजू नये.

चिऱ्यात त्याच जागी लहानसा छेद देऊन चिमट्याने पोकळी मोकळी करतात. दुखते जास्त, रक्तही थोडे जाते, पण वाट उघडी राहत असल्याने पू पुन्हा साचण्याची शक्यता कमी दिसते. सुईनंतर काहींना दुसऱ्यांदा टोचावे लागते.

आमचे मत असे: पहिल्यांदाच गळू झाले असेल, मुलगा बसू शकत असेल आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला येणे जमणार असेल, तर सुईने सुरुवात करावी. घाटंजीहून रोज यवतमाळ गाठणे शक्य नसेल, तर एकतर चिरा द्या म्हणावे, नाहीतर एक रात्र भरती राहावे. सुई टोचून घेऊन चार दिवस गावातच थांबणे मात्र नको.

प्रश्न (धारणी, जि. अमरावती): सलाईन आणि अँटिबायोटिकने गळू जिरत नाही का? आमच्याकडे नाक-कान-घशाचे डॉक्टर नाहीत.

नुसती सूज असेल, पू धरला नसेल, तर जिरते. शिरेतून औषध सुरू करून २४ ते ४८ तास पाहता येते. तेवढ्यात तोंड जास्त उघडू लागले नाही, गिळणे सुधारले नाही, तर पू आहे असे धरून परतवाडा किंवा अमरावतीला निघावे. पू साचलेल्या पोकळीत औषध पुरेसे पोहोचत नाही. मधुमेह असेल तर वाटच पाहू नये, आधी साखर तपासावी.

पू काढल्यावरही गोळ्या साधारण १० ते १४ दिवस घ्यायच्या. दुसऱ्याच दिवशी बरे वाटते आणि लोक पाकीट कपाटात ठेवून बोंडं वेचायला जातात. गळू परत भरण्याचे हे एक कारण. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. मेट्रोनिडॅझोल नावाचे अँटिबायोटिक दिले असेल तर ते चालू असेपर्यंत आणि नंतरचे तीन दिवस दारू बंद, मोहाची असो की बाटलीतली.

प्रश्न (गोंडपिपरी, जि. चंद्रपूर): नवरा दहा वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातो. तोंड आधीच कमी उघडायचे, आता तर बोटही जात नाही.

ताई, ही गोष्ट डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. दुखणे सुरू होण्यापूर्वी दातांमध्ये किती बोटे उभी जात होती, हे आठवून ठेवा. गळूमुळे जबडा आखडतो तो स्नायूच्या आकडीने. वेदना कमी झाल्या, पू निघाला की तो सैल पडतो. खर्ऱ्याने गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ झालेली असते, ती पूर्ण भूल दिली तरी सैल होत नाही. तेव्हा तोंडातून श्वासनळीत नळी घालणेही कठीण जाते. असा रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी टेबलावर घेऊ नये. दुर्बिणीने नळी घालू शकणारे भूलतज्ज्ञ जिथे आहेत, त्या मेडिकल कॉलेजलाच न्यावे. आणि गळू बरे झाल्यावर तोंडाची तपासणी जरूर करून घ्या. तो आजार वेगळा आहे आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

प्रश्न (तुमसर, जि. भंडारा): टॉन्सिलच काढून टाकले तर?

एकदाच गळू झाले म्हणून सरसकट काढत नाहीत. दुसऱ्यांदा झाले किंवा आधीपासून वारंवार टॉन्सिल सुजत असतील, तर सूज उतरल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी काढतात. गळू असतानाच काढणे लहान मुलांत, किंवा सुई-चिऱ्याने पू निघाला नाही तर करतात. महात्मा फुले योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा.

प्रश्न (कुरखेडा, जि. गडचिरोली): गावातली एक आजी बोट घालून घसा दाबून देते. दाबावा का?

नाही. गळू अचानक फुटले तर पू श्वासनळीत जाऊ शकतो. लाळ गिळता येत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, मान सुजली किंवा ताठली असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवू नका, बसवून थोडे पुढे झुकवा, लाळ बाहेर गळू द्या. पाणी, काढा, गोळी, काहीही तोंडात घालू नका.