खोडलेली दुसरी फेरी

मालवण,
आषाढ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. ट्रस्टच्या संशोधन अनुदान विभागात रुजू होऊन तुला तीन आठवडे झाले आणि तू रोज घरी येऊन म्हणतेस, एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी केली ती काय व्हाउचरं तपासायला? मी तुझी समजूत काढावी असं तिला वाटतं. समजूत काढायला मी हे लिहीत नाहीये. सव्वीस वर्षं मी अशाच टेबलावर बसले. तिथे माझ्या हातून झालेली एक चूक तुला पहिल्या महिन्यातच माहीत असावी, एवढंच मनात आहे.

लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या अभ्यासाचा अर्ज होता. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर, एक टेक्निशियन आणि दोन फिल्डवर्कर. अंदाजपत्रकात प्रवासखर्च दोनदा धरलेला: रुग्णाच्या घरी पहिली फेरी आणि पंधरा दिवसांनी दुसरी. मी लाल पेनाने दुसरी ओळ खोडली आणि समासात लिहिलं, ‘पुनरावृत्ती’. काही हजार रुपये वाचले. समितीच्या बैठकीत माझं कौतुकही झालं. डॉक्टर भिडस्त होते. मिळतंय त्यात आणखी घासाघीस कशाला, म्हणून तेही गप्प बसले.

मी काय केलं ते तुला एव्हाना कळलं असेल. लेप्टोचं निदान मॅट या प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीने पक्कं करायचं तर रक्ताचे दोन नमुने लागतात. एक ताप असताना आणि दुसरा साधारण दोन आठवड्यांनी. दोन्हींतली प्रतिपिंडं ताडून पाहायची, ती चौपट वाढलेली दिसली की खात्री. एकट्या पहिल्या नमुन्यावर बहुतेकदा ठाम बोलता येत नाही. त्यातून आपल्याकडे जन्मभर खाचरात उभं राहिलेल्या माणसाच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणाही असू शकतात. पावसाळा संपल्यावर मी पाहणीला गेले तेव्हा टेक्निशियनने फ्रीजर उघडून दाखवला. जाळीच्या खोक्यात कुप्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर नंबर, नंबरापुढे ‘१’. ‘२’ लिहिलेल्या कुप्या मोजून अकरा. एका फिल्डवर्करने स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून तेवढ्या घरांची दुसरी फेरी केली होती. बाकीच्या माणसांनी लावणी अर्धी टाकून, अंगात ताप असताना पडवीत बसून दंड पुढे केला होता. ते रक्त माझ्या एका शब्दापायी फुकट गेलं. त्या माणसांना हे कोणी कधी सांगितलं नाही. मीही सांगायला गेले नाही, आणि ते मला आजही टोचतं.

त्यानंतर अंदाजपत्रक वाचायची माझी रीत बदलली. आकड्याच्या आधी मी ती ओळ डोळ्यांपुढे आणायला लागले. हे कुठे घडणार? कोणाच्या हातून? कोणत्या महिन्यात? उत्तर सुचलं नाही की अर्जदाराला फोन. पत्र पाठवायचं नाही, फोनच करायचा. लेखी विचारलं की माणूस बचाव करतो, बोलायला लागला की आपणहून सगळं सांगतो. बोलणं झाल्यावर त्याचा सारांश ईमेलने पाठव आणि फाईलला लाव, म्हणजे दोघांनाही पुढे तोच आधार राहतो.

यातला महिन्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या कोकणात आजारांचं पंचांग वेगळं आणि पैशांचं वेगळं. लेप्टो लावणीच्या चिखलात, जुलैपासून वर येतो. माकडतापाचं उलट. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. गोचिडीतून पसरणारा हा आजार थंडी सरता सरता सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो. त्याच दिवसांत माणसं काजूच्या बागांत आणि रानात असतात. आता आपलं आर्थिक वर्ष बघ, ३१ मार्चला संपतं. म्हणजे माकडतापाचा हंगाम ऐन भरात असताना आपण संशोधकाला सांगतो, हिशेब मिटवा, उरलेली रक्कम कळवा, यूसी पाठवा. लेखापरीक्षकाची सही होऊन ते उपयोगिता प्रमाणपत्र आपल्याकडे येईपर्यंत जून सरतो. ते आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. म्हणजे लेप्टोवाल्याची लावणीही गेली. त्याने मग गणपतीत काम सुरू करायचं? तेव्हा चाकरमानी घरात असतात, घर पाहुण्यांनी भरलेलं, फॉर्म घेऊन दारात उभं राहायचीही चोरी.

नियम मोडायचा नाही. हप्त्यांच्या तारखा मंजुरीपत्रातच आजाराच्या हंगामाला धरून ठरवायच्या. पहिला हप्ता थोडा मोठा ठेवता येतो. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षात न्यायची परवानगी आधीच लिहून देता येते. विनाखर्च मुदतवाढ, म्हणजे पैसे तेच पण वेळ जास्त, मागायला लाजू नका, हे संशोधकाला पहिल्याच भेटीत सांगता येतं. हे सगळं सही व्हायच्या आधी सोपं असतं. नंतर त्याच गोष्टीसाठी समितीची बैठक लावावी लागते.

एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचंही तसंच. तिच्या मंजुरीशिवाय एक रुपया सोडायचा नाही, यात तडजोड नको. पण लहान रुग्णालयात ती कमिटी बसते कधी, हे विचारलंस का? बाहेरचे सदस्य लागतात, कायदा जाणणारा लागतो, एखादा सामान्य नागरिक लागतो. सगळे एका दिवशी जमायला कधी दोन महिने जातात. बैठकीची तारीख विचारून मग आपली तारीख ठरव. नव्या उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी झाली आहे ना, ते स्वतः साईट उघडून बघ. अर्जात ‘नोंदणी प्रक्रियेत’ लिहिलंय तेवढ्यावर थांबू नकोस.

संमतिपत्रक तू मोठ्याने वाचून पाहा. खरंच, दार लावून मोठ्याने वाच. ‘सदर संशोधन प्रकल्पांतर्गत आपल्या जैविक नमुन्यांचे विश्लेषण’ असलं वाक्य आलं की थांब आणि विचार कर, हे देवगडच्या एखाद्या खलाश्याला किंवा काजू वेचणाऱ्या बाईला कोण आणि कसं समजावणार? एका प्रकल्पात आशाताईंनी ते पत्रक बाजूला ठेवून मालवणीत पाच वाक्यांत सगळं सांगितलं होतं. रक्त किती काढणार, कशासाठी, कुठे ठेवणार, नाही म्हटलंस तरी औषध मिळेल, नंतर नको वाटलं तर सांग. पुढच्या वर्षी आम्ही ती पाच वाक्यं लिहून काढली, एथिक्स कमिटीपुढे ठेवून मंजूर करून घेतली आणि पत्रकाच्या सुरुवातीला टाकली.

आता तुझी व्हाउचरं. तुझ्यासमोर कधीतरी वहीचा फाडलेला कागद येईल: ‘होडी, जाऊन येऊन, ६० रुपये’, खाली अंगठा. पावती नाही. होडीवाला पावतीपुस्तक ठेवत नाही, तो ठेवणारही नाही. लेखापरीक्षक आक्षेप घेईल, तो त्याचं काम करतोय. तू तो खर्च नामंजूर केलास तर पुढच्या वेळी फिल्डवर्कर खाडीपलीकडच्या वाडीत जाणारच नाही, आणि अहवालात तशी वाडीच नसेल. म्हणून मंजुरीपत्रातच एक कलम घाल: ठरावीक रकमेपर्यंतच्या स्थानिक प्रवासाला स्वप्रमाणित व्हाउचर चालेल, त्यावर तारीख, ठिकाण आणि पीआयची, म्हणजे मुख्य संशोधकाची सही हवी. मग तोच कागद रीतसर होतो. पण एकाच अक्षरात, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेली वीस व्हाउचरं आली तर मात्र गप्प बसू नकोस. मी असे दोन प्रकल्प थांबवले आहेत. दोन्ही वेळा हात थरथरले, तरी ते बरोबर होतं.

उपकरणांच्या ओळीत उणे ८० अंशांचा फ्रीजर दिसला की दोन प्रश्न विचारायचे. वीज गेली तर काय, आणि तो कोणत्या मजल्यावर ठेवणार? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. जनरेटर, त्याचं डिझेल, फ्रीजर वर चढवायची मजुरी, हे सगळं कोणी ‘अवांतर’ म्हणून छाटायला लागलं तर तू मधे बोल. नवीन असलीस तरी बोल.

परदेशी देणगीच्या फाईलवर वेगळी खूण ठेव. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आपल्याला दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हे अकाउंटवाले बघतील म्हणून सोडू नकोस. अर्जदाराला शब्द देण्याआधी पैसा कुठल्या खात्यातला आहे ते तुला ठाऊक हवं.

अर्जांच्या छाननीबद्दल एक सांगते, यावर माझं मत पक्कं आहे. इंग्रजी वाईट म्हणून अर्ज बाजूला पडू देऊ नकोस. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बघ. विंचू चावून माणसं, पोरं दगावत होती तेव्हा या माणसाने कोकणातल्याच दवाखान्यात रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. त्यांचा ७० रुग्णांवरचा महाडमधला अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा प्रश्न मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बसून सुचला नसता, कारण विंचवाचा रुग्ण तिथे पोचतच नव्हता. तुझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात असा एखादा प्रश्न मोडक्या वाक्यांत पडलेला असू शकतो. तसा दिसला तर त्या माणसाला फोन कर, नमुना म्हणून एखादा जुना मंजूर अर्ज संशोधकाच्या परवानगीने दाखव, संख्याशास्त्रज्ञाशी गाठ घालून दे. निवड मात्र तज्ज्ञांनाच करू दे. त्यात तू पडायचं नाहीस.

विश्वस्तांच्या ओळखीतला अर्ज येईल. येतोच. त्या चर्चेच्या वेळी ते विश्वस्त खोलीबाहेर गेले होते, हे इतिवृत्तात वेळेसकट लिही. बैठकीआधी नम्रपणे आठवण करून दिलीस तर बहुतेक जण आपणहून उठतात.

नकाराच्या पत्रांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायची. ‘आपल्या प्रस्तावाचा विचार होऊ शकला नाही’ हे छापील वाक्य वापरू नकोस. तज्ज्ञांनी काय आक्षेप घेतले, त्यातला कुठला दुरुस्त होण्यासारखा आहे, पुढची मुदत कधी, हे त्यात यायला हवं. एका डॉक्टरीणबाईंना मी असं दीड पानाचं पत्र पाठवलं होतं, घोणशीच्या दंशानंतर होणाऱ्या मूत्रपिंडाच्या त्रासाचा पाठपुरावा त्यांना करायचा होता. दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, तेच पत्र घडी घालून पर्समध्ये. प्रत्येक आक्षेपापुढे त्यांनी पेन्सिलीने टिकमार्क केला होता. त्या वेळी अनुदान मिळालं.

बाकी ऑफिसचं राजकारण, बढती, पगार यावर मी काही लिहीत नाही, ते तुझं तू बघशील.

नारळी पौर्णिमेला सुट्टी काढून ये. भरडावर उतरलीस की फोन कर, मी कोणाला तरी पाठवते. फाईल आणू नकोस, ती ऑफिसबाहेर काढायची नसते. अडलेले प्रश्न तेवढे वहीत लिहून आण, अर्जदारांची नावं न लिहिता. आणि माकडतापाचा कुठला प्रकल्प चालू असेल तर त्याचा पुढचा हप्ता कोणत्या महिन्यात आहे, ते उद्याच बघून ठेव.

तुझी,
काकी