कोंबड्यांच्या कॉक्सीत रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्ट हातात आला की लगेच हिमोग्लोबिनवर बोट ठेवू नका. आधी बघा, कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होणारा आतड्याचा आजार) आतड्यात कुठे बसलाय. या परजीवीचे प्रकार वेगवेगळे. आयमेरिया टेनेला आतड्याच्या शेवटाकडच्या दोन आंधळ्या पिशव्या फोडतो. लागणीनंतर 5-6 दिवसांत विष्ठेत रक्त दिसतं, तुरा फिका पडतो, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) घसरतो. आयमेरिया अॅसर्व्हुलिना वरच्या आतड्यात असतो. तिथे सहसा रक्त दिसत नाही, पण कॅरोटिनॉइड (खाद्यातलं पिवळा रंग देणारं द्रव्य) शोषलं जात नाही, म्हणून पायांचा पिवळेपणा उतरतो. अशा वेळी लोहाचं टॉनिक पाजणं म्हणजे पैसे पाण्यात.

माझा जास्त भरवसा अल्ब्युमिनवर, म्हणजे रक्तातल्या एका प्रोटीनवर. सुजलेल्या आतड्यातून ते गळतं, त्यात पक्षी खातही कमी. ग्लोब्युलिन हे रक्तातलं दुसरं प्रोटीन वाढलेलं असेल तर एकूण प्रोटीन ठीकठाक दिसून फसवतं. पाणी कमी पडलेल्या पक्ष्याचं रक्त घट्ट होतं, मग पीसीव्हीसुद्धा खोटाच बरा दिसतो.

आणि हो, ग्लुकोज 200 mg/dL च्या वर दिसलं तर दचकू नका, कोंबडीचं ते नेहमीचंच. तिच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे माणसांच्या मशीनवरची पांढऱ्या पेशींची मोजणी सोडून द्या. रक्ताची स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्या.