कागद आवरू नका, प्लीज! जुन्या संग्रहांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या हस्तलिखित विभागाबद्दल मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय, प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून यांनाच उत्तरं देतेय. माझी नोकरीची बरीच वर्षं अशाच एका विभागात गेलीत, त्यामुळे मधेमधे वाहवत गेले तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, माझे वडील लेखक होते. त्यांची पत्रं, डायऱ्या, भाषणांचे कच्चे खर्डे असं दोन ट्रंका भरून सामान आहे आणि एका विद्यापीठाची लायब्ररी ते घ्यायला तयार झालीये. द्यायच्या आधी मी आणि बहीण मिळून सगळं नीट लावतोय. पत्रं माणसाप्रमाणे वेगळी केली, जागा फार खात होती म्हणून पाकिटं टाकून दिली, आता फाटकी पानं लॅमिनेट करून घ्यायचा विचार आहे. अजून काय करू?

उत्तर: काहीही करू नका! रागावू नका, पण आहे तिथेच थांबा, आणि रद्दीवाला अजून आला नसेल तर ती पाकिटं आधी परत आणा.

तुमचा हेतू चांगलाच आहे, घरात येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण आवरतो तसंच हे. पण या कामातला सगळ्यात जुना नियमच असा आहे की ज्याचे कागद त्याने ते ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही आणि एकाचे कागद दुसऱ्याच्यात मिसळायचे नाहीत. मिसळायचं नाही हे फ्रान्सच्या सरकारी दप्तरांसाठी 1841 साली परिपत्रक काढून सांगितलं गेलं, आणि तीन डच अभिलेखपालांनी (म्हणजे जुने दस्तऐवज सांभाळणाऱ्यांनी) 1898 मध्ये जे मॅन्युअल लिहिलं त्यात मूळ क्रमाचं तत्त्व पक्कं बसलं. आजही जगभर काम त्याच्यावरच चालतं. कारण साधं आहे. तुमच्या वडिलांनी एका संपादकाचं पत्र, त्याच आठवड्यातलं बँकेचं पत्र आणि एका कवितेचा खर्डा एकाच फोल्डरमध्ये कोंबला असेल तर ते तिघं शेजारी होते हीच मोठी माहिती आहे, तुम्ही त्यांना तीन ढिगात टाकलं की ती गेली, आणि ती कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते त्यामुळे परत मिळत नाही.

एक उदाहरण सांगते. आमच्याकडे एक संग्रह आला होता, घरच्यांनी असाच प्रेमाने लावलेला. त्यात एक पत्र, तारीख नाही, गावाचं नाव नाही, सुरुवातच 'तुझं कालचं पत्र मिळालं' अशी. पाकीट असतं तर पोस्टाचा शिक्का वाचून अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पाकिटं अर्थातच टाकलेली. मग तीन आठवड्यांनी वेगळ्याच खोक्यातला एक हिशोबाचा कागद चाळताना त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग दिसला, दोन भोकं आणि मधे तांबूस रेघ, आणि मला एकदम आठवलं की त्या पत्राच्या कोपऱ्यातही असाच डाग आहे. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले तर भोकं तंतोतंत जुळली. म्हणजे हे दोन्ही कधीकाळी एकत्र टाचलेले होते. हिशोबावर महिना होता, साल नव्हतं, त्यामुळे कोडं अर्धंच सुटलं. पण टाचणी ज्याने काढली त्याने निदान दोन्ही कागद एकत्र ठेवले असते तर मला तीन आठवडे डिटेक्टिव्ह व्हावं लागलं नसतं.

लॅमिनेशन तर अजिबात नको. 1930 च्या दशकापासून पुढे कित्येक मोठ्या संस्थांनी स्वतःच मौल्यवान कागद प्लास्टिकच्या थरात बंद केले होते, तेव्हा ते आधुनिक वाटायचं, आणि नंतरच्या पिढ्या ते सोडवत बसल्या. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक काढणं म्हणजे जिकिरीचं काम, कधीकधी अशक्यच. सेलोटेपही नको, तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान साध्या स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा, बास. रबरबँड मात्र हळूच काढा कारण ते वितळून चिकटतात, पण काढल्यावर तो गठ्ठा तसाच्या तसा एका कागदात गुंडाळा आणि कुठल्या कप्प्यातून निघाला ते पेन्सिलने वरच्या कागदावर लिहा. ट्रंक जशी आहे तसे तिचे मोबाईलवर फोटो काढा, थरांप्रमाणे. हे फोटो आम्हाला सोन्यासारखे.

आणि जे कागद आत्तापर्यंत वेगळे केलेत ते आठवणीने परत लावायला जाऊ नका, त्यात नवीन घोळ होतो. काय काय हलवलं ते एका कागदावर प्रामाणिकपणे लिहून द्या.

कागदपत्रांचा करार सही करण्याआधी नीट वाचा. कागद देणं आणि कॉपीराइट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वडिलांना *आलेल्या* पत्रांतल्या मजकुराचा हक्क पाठवणाऱ्यांचा असतो, तो तुमच्याकडे मुळात नाहीच. घरातलं काही नाजूक असेल, आजारपण, भांडणं, कोणाची तरी खाजगी प्रकरणं, तर ते जाळून टाकू नका, अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट घाला. लायब्ऱ्यांना याची सवय असते.

प्रश्न: मी पीएचडी करतेय. लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मला हव्या त्या बाईंचं नाव टाकलं तर शून्य रिझल्ट. तिथल्या मॅडम म्हणाल्या 'अमक्यांच्या संग्रहात असेल, दहा खोकी आहेत, बघून घ्या'. हा आळस नाही का? प्रत्येक पत्राची यादी का नसते?

उत्तर: तुझी चिडचिड समजते गं, पण जरा हिशोब कर. एका खोक्यात हजारभर पानं सहज बसतात. प्रत्येक पान उघडून, वाचून, कोणी कोणाला कधी लिहिलं ते नोंदवायला समज पाच मिनिटं, आणि जुनं अक्षर लागायला पाच मिनिटं म्हणजे फारच हुशार माणूस हवा. दहा खोक्यांना आठशे तासांच्या वर गेले. रोजचे आठ तास दुसरं काहीच न करता शंभराहून जास्त दिवस, आणि हा एक संग्रह. असे शेकडो रांगेत असतात. 2005 मध्ये ग्रीन आणि माइस्नर या दोन अमेरिकन अभिलेखपालांनी स्पष्टच लिहिलं की बाबांनो, टाचण्या काढत बसण्यापेक्षा ढोबळ वर्णन करा आणि संग्रह लोकांना उघडे करा. यावर आमच्या लोकांत अजून वाद होतात, मी स्वतः त्यांच्या बाजूची आहे.

तर पुस्तकाची नोंद शोधतात तसं इथे शोधायचं नाही. इथे पुस्तकाऐवजी संग्रह हा घटक असतो आणि त्याची मोजदादही नगात होत नाही, फळीवर किती मीटर जागा व्यापली यात होते. संग्रहाची एक सूची असते, तिला फाइंडिंग एड म्हणतात, ती मागून घे आणि पहिल्यापासून वाच. त्यात वरती संग्रह कोणाचा, कसा आला, मग त्याचे भाग, मग खोकी, मग फोल्डर असं उतरत जातं. तुझ्या बाईंचं नाव नसेलच, पण त्यांनी कोणाला लिहिलं असेल याचा विचार कर आणि त्या माणसांच्या नावाने शोध, बायकांची पत्रं बरेचदा नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या संग्रहात 'कौटुंबिक' अशा फोल्डरखाली पडलेली असतात. तिथल्या मॅडमशी गोडीत राहा, सूचीत नसलेलं अर्धं ज्ञान त्यांच्या डोक्यात असतं. आणि एक, पानाचा फोटो काढायच्या आधी फोल्डरच्या लेबलचा फोटो काढ, दर वेळी. मोबाईलमध्ये चारशे फोटो आणि कुठला कुठल्या खोक्यातला पत्ता नाही, अशी रडवेली पोरं मी दर वर्षी बघितलीत.

प्रश्न: पांढरे ग्लोव्ह्ज घालावे लागतात ना?

उत्तर: टीव्हीवर घालतात. कागदाला आणि चर्मपत्राला (जनावराच्या कातडीपासून केलेलं पान) स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, सुती ग्लोव्ह्जमध्ये बोटाला पानाची कड कळत नाही आणि फाटतं. फोटो आणि निगेटिव्हला मात्र ग्लोव्ह्ज हवेतच. शाईचं पेन आत नेता येत नाही, पेन्सिल न्या. हे नियम जाचक वाटत असतील तर ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत, जी 1602 पासून वाचकांना उघडी आहे, तिथे अजूनही शपथ घ्यावी लागते की मी इथे आग किंवा ज्योत आणणार नाही आणि पेटवणारही नाही. त्यामानाने पेन्सिल काहीच नाही.

प्रश्न: अमुक विद्यापीठात दुर्मिळ हस्तलिखित 'सापडलं' अशा बातम्या येतात. यांच्याच कपाटात होतं तर सापडलं म्हणजे काय? मग इतकी वर्षं हे काय करत होते?

उत्तर: हा प्रश्न थोडा खवचट आहे पण मला आवडला. बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे कुराणाची दोन चर्मपत्री पानं आहेत, ती तिथल्या मिंगाना संग्रहात 1920 च्या दशकापासून होती, त्या संग्रहात तीन हजारांवर हस्तलिखितं आहेत. ही दोन पानं दुसऱ्याच, थोड्या नंतरच्या कुराणाच्या पानांबरोबर चुकून बांधली गेली होती आणि नोंद एकच. मग एका पीएचडी करणाऱ्या संशोधक बाईंच्या लक्षात आलं की हे अक्षर जुळत नाहीये. चर्मपत्राचं वय ठरवणारी कार्बन चाचणी झाली, 2015 मध्ये निकाल जाहीर झाला, चर्मपत्र इसवी सन 568 ते 645 या दरम्यानचं. म्हणजे जगातल्या सर्वात जुन्यांपैकी! लायब्ररीला पानं आहेत हे माहीत होतंच, ती काय आहेत हे ती लिपी ओळखणारं कोणी समोर येऊन बसेपर्यंत कळणार कसं? शेकडो भाषा-लिप्यांचे कागद सांभाळणाऱ्या चार माणसांना सगळ्या लिप्या येत नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाला धार आहे हेही खरं. केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या डार्विनच्या दोन वह्या, त्यातल्या एकीत 1837 सालचं ते प्रसिद्ध जीवनवृक्षाचं रेखाटन, 2000 साली फोटो काढायला बाहेर काढल्या आणि 2001 च्या जानेवारीत तपासणीत दिसल्या नाहीत. कुठेतरी चुकीच्या फळीवर गेल्या असतील असं वर्षानुवर्षं मानलं गेलं, दोनशे किलोमीटरच्या वर फळ्या आहेत तिथे, आणि चोरी झाली असावी हे जाहीर व्हायला 2020 उजाडलं. 2022 च्या मार्चमध्ये कोणीतरी गुलाबी गिफ्ट बॅगेत घालून लायब्ररीतच आणून ठेवल्या, पाकिटावर ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा! अशा वेळी लपवून ठेवण्यापेक्षा लवकर बोंब मारावी असं माझं मत, चोरीचा माल विकणं तरी अवघड होतं.

प्रश्न: सगळं स्कॅन करून टाका ना एकदाचं. कागद ठेवायचेच कशाला?

उत्तर: स्कॅन करणं हे त्यातलं सोपं काम, त्या फाईलचं नाव काय, ती कुठल्या पानाची, आणि वीस वर्षांनी ती उघडेल का, हे अवघड. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दींचे कागद घेतले तर त्यात त्यांचे जुने कॉम्प्युटरही आले, मग 2010 मध्ये वाचकांना ते दाखवायला त्यातल्या एका मशीनची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभारावी लागली. चौदाव्या शतकातला कागद मात्र नुसता उघडला की वाचता येतो, चार्जर लागत नाही.

शिवाय काय महत्त्वाचं ते आज ठरवणारे आपण कोण? केंब्रिजमध्येच कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमधून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आलेले 1,93,000 च्या आसपास तुकडे आहेत. 1896-97 मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेक्टर तिकडे गेले आणि पोती भरून घेऊन आले. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून लोक शतकानुशतकं तिथल्या एका बंद खोलीत टाकत राहिले होते. धर्मग्रंथांसाठी आणलेल्या त्या ढिगात निघालं काय, तर याद्या, करार, मुलांनी गिरवलेली अक्षरं, आणि बाराव्या शतकात मलबारच्या किनाऱ्याशी मिरीचा व्यापार करणाऱ्यांची पत्रं. मागची कोरी बाजू दुसऱ्याच कोणीतरी वापरलेली. स्कॅन करणाऱ्याने फक्त पुढची बाजू घेतली असती तर? आता हे तुकडे ऑनलाइन दोन्ही बाजूंनी बघता येतात, दोन देशांत गेलेले एकाच पानाचे तुकडे स्क्रीनवर शेजारी ठेवता येतात, तेव्हा स्कॅन हवंच, नक्की हवं, मूळ कागद ठेवून.

प्रश्न: सूचीत चूक दिसली तर सांगावं का? की आगाऊपणा वाटेल?

उत्तर: सांगाच. पानं स्वतः जागेवर लावू नका, तेवढं पथ्य पाळा, चिठ्ठीवर खोका आणि फोल्डर नंबर लिहून काउंटरवर द्या. आम्हाला वाईट वगैरे वाटत नाही. वर सांगितलं ते बिनतारखेचं पत्र अजूनही सूचीत 'साल अज्ञात' असंच आहे, आणि मी निघताना त्या फोल्डरमध्ये टाचणीच्या डागाबद्दल पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवून आलेय, पुढच्या कोणाला तरी लागेल म्हणून.