अर्थ सांगता आला नाही म्हणून शब्द बाद?

प्रश्न असा आहे : स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून शब्द बनवायच्या खेळात, लावलेल्या शब्दाचा अर्थ खेळाडूला सांगता आला नाही तर तो शब्द बाद धरायचा का? आणि विशेषनामं चालतात का?

नाही धरायचा. ही अट कुठल्याही अधिकृत नियमात नाही. ती माझ्या दादाच्या नियमात आहे.

बोर्डवर एक आय होता. माझ्याकडे क्यू आणि दुसरा आय, पण इंग्रजीत क्यूमागे बहुधा लागतो तो यू नाही. तिहेरी अक्षराच्या घरात क्यू अशी बसवली की आडवा क्यू-आय, उभाही क्यू-आय. दहा गुणांची क्यू तिप्पट होऊन तीस, त्यात आयचा एक, दोन्हीकडून मिळून 62. दादा म्हणाला, "अर्थ सांग." मी म्हटलं, चिनी काहीतरी आहे, ऊर्जा वगैरे. "वगैरे म्हणजे माहीत नाही. उचल." घरातला शब्दकोश जुना, त्यात तो नव्हता. टाइल्स उचलल्या, पाळीही गेली. (उत्तर अमेरिकेच्या स्पर्धांच्या यादीत हा शब्द 2006 पासून आहे.)

गंमत पुढेच आहे. त्याच डावात त्यानं आधी 'अनस्लीप' लावला होता. सातही टाइल्स एकदम, म्हणजे वर 50 बोनस. अर्थ विचारल्यावर ठामपणे म्हणाला, "झोप उडवणं." मी गप्प. डाव संपल्यावर त्याच जुन्या शब्दकोशात पाहिलं, नव्हता. तर म्हणे, तुझी पुढची चाल झाली, आता चॅलेंज, म्हणजे शब्दावर आक्षेप, करता येत नाही. हे मात्र नियमाला धरून होतं, कबूल. खोटा शब्द कुणी अडवला नाही तर तो बोर्डवर राहतो.

म्हणजे अर्थाची अट थापाड्याच्या सोयीची आहे. अर्थ रचता येतो, शब्दकोशातली नोंद रचता येत नाही. नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. दादासमोर बसला असता तर पहिल्याच चालीला टाइल्स उचलत बसला असता.

तेव्हा पहिली टाइल काढण्याआधी कुठला शब्दकोश ते ठरवा. चॅलेंज फसलं तर काय, तेही ठरवा. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांत आव्हान देणाऱ्याचीच पाळी जाते, त्यामुळे उगाच बोट दाखवणारे कमी होतात. आमच्या घरी हे लागू असतं तर बरेच वाद वाचले असते.

विशेषनामं नाहीत, संक्षेपही नाहीत. समोर लहान मुलं असतील तर हे सगळं सोडा, नावं चालू द्या, अर्थही विचारा, त्यांना मजा येते. मी मोठ्यांबद्दल बोलतोय.

मागच्या महिन्यात दादाच्या मुलीनं क्यू-आय लावला. त्यानं अर्थ विचारला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मोबाइलमध्ये पाहिलं ना, आहे तो शब्द."