आधी तीन हप्ते, मग बोट

वडिलांच्या लाकडी बोटीचं बूड नव्याने बांधायला सुताराने ९ लाखांचा अंदाज दिलाय. १२ लाखांची एफडी मोडू की विमा पॉलिसीवर कर्ज काढू, असं तुम्ही विचारता. वय ५८, दोन वर्षांनी निवृत्ती, पुढे घरखर्चापुरती पेन्शन.

कर्जाचं आधी सांगतो. पॉलिसीची सरेंडर किंमत, म्हणजे आज मोडली तर हातात येणारी रक्कम, ८ लाख. त्यावर कर्ज मिळालंच तर ८०-९० टक्के, म्हणजे जेमतेम ७ लाख. तो मार्ग बंद.

मला धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीने. ‘पॉलिसी छान चाललीय, ३ लाखांच्या १० हप्त्यांपैकी ५ भरले, १५ वर्षं झाली की ४८ लाख.’ उरलेल्यांपैकी दोन हप्ते पगारातून जातील. पुढच्या तीन हप्त्यांचे ९ लाख कुठून आणणार? ५३ वर्षांच्या नोकरदाराच्या गळ्यात १० वर्षांचे हप्ते मारणाऱ्याला तो साठीला निवृत्त होईल हे कळत नव्हतं? आणि ३० चे ४८ ऐकायला गोड. हिशेबाने वर्षाला साडेचार टक्केच.

तरी आता पॉलिसी मोडू नका. गेलं ते गेलं. आजचे ८ आणि पुढचे १५ लाख धरले, तर इथून पुढचा परतावा साडेआठ टक्क्यांच्या आसपास बसतो. मात्र ४८ लाखांची हमी पॉलिसीच्या कागदावर छापलेली हवी. त्यात बोनसची आशा मिसळली असेल तर हा हिशेब कोसळेल. कागद आजच काढून बघा.

म्हणजे एफडीतले ९ लाख त्या तीन हप्त्यांचे. उरलेले ३ दुखण्याखुपण्यासाठी. बोटीसाठी एफडी मोडू नका.

बोट २० लाखांना जाईल म्हणता. घेणार कोण? गिऱ्हाईक समोर उभं नसेल तर तो आकडा खोडा. शिवाय ज्या बोटीवर बाबांनी हातात वल्हं दिलं, ती तुम्ही विकाल असं मला वाटत नाही.

९ लाखांचा अंदाजही बाहेरून पाहून केलेला आहे. पावसाचं पाणी साचतं तिथल्या दोन फळ्या काढायला सांगा, आतल्या आडव्या लाकडात सुरीचं टोक खुपसून बघा. लोण्यासारखं आत गेलं तर ९ चे १५ होतील. खिळे गंजलेत का, तेही तेव्हाच दिसेल. वरून फायबरचा थर देऊन स्वस्तात भागवू म्हणणाऱ्याला नकार द्या. ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतच राहतं. बोटीचे पैसे जमेपर्यंत काम थांबवा. तोवर पगारातून साठवा आणि बोटीवर हवा खेळती राहील असं छत घाला. लाकूड कुजवायला पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त घातक.